५८ हजार पौंडांची गाडी आणि स्पेनमधला हिवाळा

लेस्टरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ६६, पत्नी ६३. मूळचे मालवणचे, १९८९ पासून इंग्लंडमध्ये. घराचं कर्ज फिटलंय, मुलं आपापल्या मार्गाला लागली. दर वर्षी १ नोव्हेंबर ते १५ मार्च स्पेनच्या कोस्टा ब्लांकावर, बेनिडॉर्मच्या एका कॅम्पसाइटवर राहायचं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी ५८,००० पौंडांची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघून ठेवली आहे आणि पैसे १,४०,००० पौंडांच्या पेन्शन पॉटमधून, म्हणजे पेन्शनसाठी साठवलेल्या निधीतून, काढायचे आहेत. विचारतात, "घेऊ का?"

नमस्कार.

हिवाळा स्पेनमध्ये जरूर काढा. गाडी मात्र घेऊ नका. निदान या वर्षी नको आणि या पैशातून तर नकोच.

आधी तारखा. तुमचे दिवस भरतात १३५. ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, आणि जाता-येताना फ्रान्समध्ये केलेले मुक्कामही त्यातच मोजतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद व्हायला लागली आहे, त्यामुळे 'शिक्के कोण मोजत बसतंय' हा भरवसा ठेवू नका. वहिनींचा पासपोर्ट अजून भारतीय आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांना शेंगेन व्हिसा लागेल, तो आधी हातात येऊ दे. जास्त दिवस राहायचं तर स्पेनचा नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसा (तिथे काम न करता राहण्याचा) आहे, पण त्यासाठी दोघांचं मिळून महिन्याला ३,००० युरो उत्पन्न आणि खासगी आरोग्य विमा दाखवावा लागतो. साडेचार महिन्यांच्या हौसेसाठी मी तुम्हाला त्या वाटेला पाठवणार नाही.

आता गाडी. तिचं पूर्ण भरलेलं वजन ३,८५० किलो आणि तुम्ही ड्रायव्हिंग टेस्ट पास झालात १९९८ मध्ये. १ जानेवारी १९९७ च्या आधी पास झालेल्यांना सी-वन गट, म्हणजे जास्त वजनाच्या गाड्या चालवायचा परवाना, आपोआप मिळाला, तुम्हाला नाही. तुमची मर्यादा ३,५०० किलो. म्हणजे ही गाडी आज तुम्हाला चालवताच येणार नाही. डीलर म्हणाला, 'कागदोपत्री ३,५०० करून देतो.' तसं होतं, बेकायदाही नाही. पण पत्रकात सामानासाठी दिलेल्या ५२० किलोंचे मग १७० उरतात. वहिनी शेजारी बसल्या आणि १०० लिटर पाणी भरलं की संपले.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी बेनिडॉर्मला, मोटरहोम घेऊन आलेल्या एका ओळखीच्या मराठी जोडप्याकडे गेलो होतो. सकाळचे साडेनऊ, अंगात नुसता शर्ट पुरेल असं ऊन. गाडीच्या ऑनिंगखाली (कापडी छताखाली) काकूंनी कुकर लावलेला. पहिली शिट्टी झाली तसे शेजारचे डच आजोबा दचकून पेपरातून वर बघायला लागले, आणि काकूंनी दोन बोटं दाखवून अजून दोन व्हायच्यात असं त्यांना सांगितलं. तांदळाच्या पिशवीवर मार्करने वजन लिहिलेलं होतं. डाळीच्या डब्यावर, पाट्यावर, काकांच्या टूलबॉक्सवरसुद्धा. निघण्याआधी ते गाडी वजनकाट्यावर नेतात. जादा वजनावर दंड तर होतोच, पण अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

आता पैसे. पॉटमधला करमुक्त चौथा हिस्सा म्हणजे ३५,००० पौंड. उरलेले २३,००० हातात यायला २८,७५० काढावे लागतील, कारण त्यावर २० टक्के कर आहे. म्हणजे गाडी तुम्हाला ६३,७५० ला पडते आणि पॉटमध्ये उरतात ७६,२५०. शिवाय पहिल्यांदा रक्कम काढताना बहुतेक वेळा आणीबाणीच्या कोडने, म्हणजे तात्पुरत्या अंदाजाने, जास्त कर कापला जातो. तो परत मिळतो, पण मागावा लागतो.

तुम्ही पाठवलेली कोटेशनं धरली तर वर्षाला विमा ७८० पौंड आणि गाडी उभी करायची जागा ६००. सर्व्हिसिंग, एमओटी (गाडीची सक्तीची तपासणी) आणि रोड टॅक्सचे मी ९०० धरतो. पाच वर्षांनी ती ३८,००० ला गेली असं मानलं तर घट वर्षाला ४,०००. त्या ५८,००० वर ४ टक्के मिळाले असते, ते २,३२०. बेरीज ८,६००. वापर जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे ९५ पौंड, आणि यात डिझेल नाही, कॅम्पसाइटचं भाडं नाही. ते भाडं तीन महिन्यांचं १,६५० युरो आलंय. राहणं स्वस्त आहे हो, महाग आहे ती गाडी.

पण माझं मन वेगळ्याच जागी अडतं. वहिनींना काय वाटतं, यावर पत्रात एवढंच आहे: 'ती काही बोलत नाही.' मग त्यांच्या बाजूने मी बोलतो. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमचं स्टेट पेन्शन (सरकारी), २०२५-२६ च्या दराने आठवड्याला २३०.२५ पौंड, बंद होईल. नव्या पद्धतीत ते सहसा जोडीदाराकडे जात नाही. कंपनीचं पेन्शन निम्मं होऊन वर्षाला ४,५०० येईल. त्यांचं स्वतःचं एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेतल्या नोकरीचं) ७,८००. एकूण १२,३००, आणि त्यांचं स्टेट पेन्शन ६७ व्या वर्षी सुरू होणार. मधली वर्षं हा पॉटच त्यांना सांभाळणार आहे. वर्षाला ४ टक्के काढले तर पूर्ण पॉटमधून ५,६०० मिळतात, गाडी घेतल्यावर ३,०५०. हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि मग पुन्हा विचारा. आणि पॉटच्या नॉमिनेशन फॉर्मवर त्यांचं नाव आहे ना, ते आजच बघा.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. येत्या ५ जानेवारी ते २० मार्च, म्हणजे ७५ दिवस, त्याच कॅम्पसाइटवर मोबाइल होम, म्हणजे तिथेच उभं असलेलं छोटं घर, भाड्याने घ्यायचं आणि आपली कार घेऊन जायचं. सगळं मिळून ६,००० पौंडांची मर्यादा ठेवायची. त्यासाठी पॉटमधले २४,००० ड्रॉडाउनमध्ये (पैसे गुंतलेले ठेवून लागतील तसे काढायच्या सोयीत) वळवा. त्यातले ६,००० करमुक्त हातात येतात, बाकीचे १८,००० गुंतलेलेच राहतात. आयएसएमधल्या (करमुक्त बचत खात्यातल्या) २२,००० ना हात लावू नका, ते बॉयलर आणि छपरासाठी.

जीएचआयसी कार्ड (युरोपात सरकारी उपचार मिळवून देणारं) काढा, फुकट आहे, पण ते रुग्णाला घरी आणण्याचा खर्च देत नाही. म्हणून वेगळा प्रवास विमा घ्याच आणि त्यात वहिनींची शुगर आणि बीपी, दोन्ही लिहा. घराचा विमाही वाचा. घर ३० किंवा ६० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसी नुकसानभरपाई आखडती घेतात.

तिथे असताना एका दुपारी विलाहोयोसाच्या बंदरावर जा, मासेमारीच्या बोटी परत येतात तेव्हा. मालवणच्या माणसाला ती जागा आवडेल. परत आल्यावर मला लिहा, आणि पत्र या वेळी वहिनींनी लिहावं. दोघांनाही अजून तिथे राहावंसं वाटलं, तर ३,५०० किलोच्या आतल्या जुन्या गाड्यांचे भाव आपण मिळून बघू.