“मी आईवर गेलेय, मग मला नाही ना होणार?”

मुलगी २७ वर्षांची. तिला मेघना म्हणू; नाव अर्थातच बदललंय. जनुकीय तपासणीआधीच्या सल्ल्याला माझ्याकडे आलेली, सोबत आई आणि काका. लग्न जमत आलेलं. “टेस्ट निगेटिव्ह आली की विषयच संपला,” काका म्हणाले. पॉझिटिव्ह आली तर, हे कुणी बोलेना.

मेघनाच्या वडिलांना हंटिंग्टन आहे, मेंदूचा आनुवंशिक आजार. हातपाय नाचल्यासारखे आपोआप हलतात, राग आवरत नाही, गिळताना ठसका लागतो. कपबशी हातात खणखणते म्हणून आता चहा स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. आजोबांचंही असंच होतं. गावानं त्यांना दारुडा ठरवलेलं. माणूस माळकरी होता.

आई आणि काकांना चहाला पाठवलं. दार लागताच ती म्हणाली, “मॅडम, मी दिसायला अख्खी आईवर गेलेय. मग मला नाही ना होणार?”

हे मी बऱ्याच घरांतून ऐकते. दुसरं ऐकते ते म्हणजे, ‘भावंडांत एकालाच होतो, दादाला झाला तर मी सुटले.’ तसं काही नसतं. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएची ‘सीएजी’ ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत काळजी नाही. ३६ ते ३९ असेल तर होईलही, नाहीही. ४० किंवा जास्त असेल तर आयुष्यात कधी ना कधी आजार गाठतोच, बहुधा तिशी ते पन्नाशीत. वडिलांकडे सहसा एक प्रत बिघडलेली, एक चांगली. मुलाला कुठली मिळेल ही नाणेफेक. प्रत्येक मुलासाठी नव्याने. नाक आईचं मिळालं म्हणून नाणं आपल्या बाजूने पडत नाही.

हे जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि रक्तातून आकडा मोजता येऊ लागला. पण आजार नेमका कधी सुरू होईल ते त्यातून कळत नाही. हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिनसारखी औषधं आहेत. आजार बरा करणारं औषध नाही. म्हणून लक्षणं नसलेल्या माणसाने तपासायचं की नाही, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. काकांनी नाही.

“आकडा कळला तर उद्या काय वेगळं करशील?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “त्याला सांगेन.” मग थांबून, “पण बाबांना आहे, एवढं तर आत्ताच खरंय. ते टेस्टशिवायही सांगायलाच हवं ना?”

त्या दिवशी रक्त दिलं नाही. आधी मुलाला बाबांना भेटायला घरी बोलावते, म्हणाली.

बाहेर बाकावर काका. वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. “कधीची तारीख मिळाली?” त्यांनी विचारलं. चपलेतला अंगठा सारखा वरखाली होत होता. काळजीनेही होतं तसं. त्यांनी स्वतःबद्दल काही विचारलं नाही, मीही काढलं नाही. फक्त माझं कार्ड मेघनाला दिलं, तसंच एक त्यांच्याही हातात ठेवलं.