पुण्याजवळ गढी-वाड्यातल्या हॉटेलात आईबाबांना घेऊन जावं का?

बाबांचे गुडघे दुखतात, तरी त्यांना एखाद्या जुन्या वास्तूतल्या हॉटेलात न्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. जरूर न्या. फक्त पैसे भरण्याआधी फोन करून विचारा की आपली खोली मूळ बांधकामात आहे की नंतर वाढवलेल्या भागात. जुन्या वास्तूत खोल्या मोजक्याच निघतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी बाकीच्या आवारात बांधतात आणि फोटो मात्र जुन्या भागाचे टाकतात. नव्या खोलीतच झोपायचं तर एवढं भाडं कशाला द्यायचं?

जवळात जवळ म्हणजे दिवे घाट चढून सासवडच्या वाटेवर लागणारा जाधवगड. शाहू महाराजांचे सरदार पिलाजीराव जाधव यांनी 1710 मध्ये बांधलेली ही गढी. तिथे थांबलात तर बाबांना दरवाजापाशी जरा रेंगाळू द्या. अशा दरवाजांना आतून लाकडी अडसर असायचा आणि दिवसा तो सरकवून ठेवायला भिंतीतच खोल खाच केलेली असायची. त्या खाचेत हात घातला की कोपरापर्यंत आत जातो, तेव्हा भिंतीची जाडी कळते. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यालाही असाच अडसर होता. वाडा पाडून इमारत झाली, तो अडसर कुठे गेला कोणालाच माहीत नाही. म्हणूनच अशा वास्तू कोणी नीट राखून चालवत असेल तर तिथे दोन पैसे जास्त द्यायला मला काहीच वाटत नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर खोली तळमजल्यावरचीच मागा. जुन्या जिन्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, उंबरेही चांगले वीतभर. लिफ्ट धरून चालू नका. मुख्य दरवाजापर्यंत गाडी जाते का आणि कमोड आहे ना, तेही विचारून घ्या. जाड भिंतींमुळे खोलीत मोबाइलला रेंज कमी मिळते. पावसाळ्यात ओल येते, तेव्हा दमा असेल तर हिवाळ्यातच जा.

माथेरानला एकोणिसाव्या शतकातल्या बंगल्यात ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ आहे, पण गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे बाबांना त्रास होईल. मुळशीकडचा ढेपेवाडा छान आहे, पण तो जुन्या धाटणीने नव्याने बांधलेला, हे माहीत असू द्या.

तुमच्यासाठी मी जाधवगडच म्हणेन, तोही मधल्या वारी. शनिवार-रविवारी गर्दी असते, निवांत बघता येत नाही.