उडीनंतर आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारच्या मोटरचा शाफ्ट वारंवार वाकतो, काय करावं?

रॅम्पवरून उडी मारल्यावर दुसऱ्यांदा शाफ्ट वाकला म्हणताय, तर आधी रिमोटच्या ट्रिगरवरचं तुमचं बोट तपासा. माझ्या मते मोटर नुसत्या आपटण्यापेक्षा दाबून ठेवलेल्या थ्रॉटलने (वेग देणाऱ्या ट्रिगरने) जास्त जाते. हवेत चाकं मोकाट फिरतात, जमिनीला टेकताच एकदम अडतात आणि तो झटका स्पर (मोठा गिअर) आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) यांच्यामार्गे थेट शाफ्टवर येतो. नाक खाली झुकत असेल तर हवेत किंचित थ्रॉटल, वर जात असेल तर हलका ब्रेक द्या. पण टेकताना ट्रिगर मोकळाच हवा.

स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) असेल तर थोडा सैल करा, बराचसा झटका तिथेच घसरून जिरतो. मग गाडी गुडघ्याएवढ्या उंचीवरून सपाट सोडा. चेसिस जोरात ‘ठक्क’ आपटली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये जाड तेल भरा.

मोटर माउंटचे स्क्रू निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून घट्ट करा. ते सैल पडले की गिअरची मेश, म्हणजे दातांची एकमेकांतली पकड, बिघडते. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळा आणि पट्टी काढा, तेवढी फट पुरते. पिनियनही शाफ्टच्या टोकाला न ठेवता, स्परशी जुळेल तितका मोटरजवळ बसवा.