मुंबईत नव्या लोकल यायला इतकी वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय: "नव्या लोकलसाठी पैसे मंजूर झाल्याच्या बातम्या येतात, मग गाड्या रुळावर यायला इतकी वर्षं का जातात? आणि आल्या तरी गर्दी तेवढीच का राहते?"

मी बरीच वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी रोज ये-जा करते. प्रवासी संघटनेच्या कामामुळे या विषयाचे कागदही वाचत असते. त्यावरून बनलेलं माझं मत आधीच सांगते. सगळ्यांत मोठा उशीर कारखान्यात होत नाही, चाचण्यांमध्येही होत नाही. तो होतो कारखान्याला ऑर्डर जाण्याच्या आधी, म्हणजे कुठली गाडी घ्यायची हे ठरवण्यात. आणि गर्दी कमी होत नाही, कारण नवी गाडी बहुतेक वेळा जुन्या गाडीच्या जागी येते, जादा म्हणून येत नाही.

आधी ठरवण्याचं बघू. मुंबईच्या लोकलचे मोठे प्रकल्प मुंबई रेल्वे विकास महामंडळ राबवतं. ते 1999 मध्ये स्थापन झालं, त्यात रेल्वेचा वाटा 51 टक्के आणि राज्य सरकारचा 49 टक्के. म्हणजे दोन सरकारांचं एकमत झाल्याशिवाय मोठी खरेदी पुढे सरकत नाही. एमयूटीपी-3 ला, म्हणजे मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला, डिसेंबर 2016 मध्ये मंजुरी मिळाली, त्यात 47 गाड्या होत्या. 2019 मध्ये एमयूटीपी-3ए मंजूर झाला, त्यात 191. एकूण 238 गाड्या, 12 डब्यांच्या हिशेबाने 2,856 डबे. एवढ्या मोठ्या खरेदीची निविदा निघायला 2023 उजाडलं. मग मुदतवाढीवर मुदतवाढ झाली, ती प्रक्रिया मागे घेतली गेली आणि 2025 मध्ये नव्याने निविदा काढावी लागली.

या काळात काय काय बदललं ते पाहिलं की उशिराचं खरं कारण कळतं. गाड्या वातानुकूलित हव्यात की साध्या, यावर वाद झाला. मग 'वंदे मेट्रो' पद्धतीच्या, म्हणजे वंदे भारतच्या धर्तीवरच्या एसी लोकल हव्यात असं ठरलं. देखभाल रेल्वेने करायची की गाड्या बनवणाऱ्या कंपनीने, आणि कंपनीने करायची तर किती वर्षं, हे ठरवायचं होतं. कंपनीने करायची तर तिला कारशेडसाठी जागा द्यावी लागते, म्हणजे पुन्हा जमिनीचा प्रश्न. यातली एक अट बदलली तरी सगळा तांत्रिक आराखडा नव्याने लिहावा लागतो, किंमत नव्याने काढावी लागते, मंजुरीसाठी फाइल पुन्हा वर जाते. त्यात मधली करोनाची वर्षं.

वातानुकूलित लोकलचा वाद जरा खोलात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात प्रवाशांना दोष देणं सोपं पडतं. पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर बोरिवली ते चर्चगेट धावली. तिचं भाडं साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासपेक्षाही जास्त होतं. मे 2022 मध्ये एकेरी तिकिटाचे दर निम्मे झाले तेव्हा गर्दी वाढली, पण पासवाल्यांचा प्रश्न तसाच राहिला. त्यानंतर ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने काही साध्या फेऱ्या काढून त्या वेळेला एसी गाड्या सुरू केल्या, आणि कळवा, बदलापूरला लोक रुळावर उतरले. शेवटी त्या फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं की लोकांना सुधारणाच नको असतात. हे मला अजिबात पटलं नाही. सकाळची ठरावीक लोकल गेली तर पुढच्या गाडीत दुप्पट गर्दी होते, आणि सेकंड क्लासचा पास काढणाऱ्याला एसीचा पास परवडत नाही. त्याच्या दृष्टीने एक गाडी कमी झाली, एवढंच झालं. भाडं आधी ठरवून मग गाडी आणली असती तर हा विरोध इतका पेटला नसता, आणि पुढच्या खरेदीवरही त्याची छाया पडली नसती.

आता चाचण्यांबद्दल. इथे मी रेल्वेच्या बाजूने बोलणार आहे. नवीन बनावटीची गाडी कारखान्यातून आली की दुसऱ्या दिवशी माणसं भरून सोडता येत नाही. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था तिच्या वेगाच्या, हेलकाव्यांच्या आणि आपत्कालीन ब्रेकच्या चाचण्या घेते. माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या डब्यात रचून गाडी पळवतात, कारण रिकामी गाडी जेवढ्या अंतरात थांबते तेवढ्यात भरलेली थांबेलच असं नाही. त्यात आपल्या गाड्यांचं 'भरलेली' म्हणजे गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये उभे चौदा ते सोळा प्रवासी. एवढ्या ओझ्यासाठी जगात फार कमी गाड्या बनतात. त्यानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी. हे आयुक्त रेल्वेच्या नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, आणि ते बरंच आहे. गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र देऊ नये.

बंबार्डियर कंपनीच्या लोकल गाड्यांच्या वेळीही चाचण्या आणि परवानग्या लांबल्या होत्या, त्या गाड्या मार्च 2015 मध्ये सेवेत आल्या. पण त्याहून शिकण्यासारखी गोष्ट पहिल्या एसी लोकलची. ती एप्रिल 2016 मध्ये चेन्नईच्या कारखान्यातून कुर्ला कारशेडला पोहोचली. ती मध्य रेल्वेवर चालणार होती. आल्यावर लक्षात आलं की गाडीची उंची नेहमीच्या लोकलपेक्षा जास्त आहे, आणि सीएसएमटी ते कुर्ला दरम्यानचे जुने पूल इतके खालचे आहेत की तिथून ती जाऊ शकत नाही. मग ती पश्चिम रेल्वेकडे गेली, तिथे पुन्हा चाचण्या झाल्या. एप्रिल 2016 ते डिसेंबर 2017 हा सगळा काळ त्यात गेला. याला मी चाचण्यांचा उशीर म्हणणार नाही. ते पूल काही रातोरात खाली आले नव्हते. त्यांची उंची ऑर्डर देण्याआधी मोजता आली असती. मध्य रेल्वेला स्वतःची एसी लोकल मिळाली ती जानेवारी 2020 मध्ये, तीही आधी ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा उद्या शंभर गाड्या तयार होऊन आल्या. त्या चालवायच्या कुठे? गर्दीच्या वेळी एका रुळावर तीन-चार मिनिटांना एक गाडी आधीच धावते आहे. त्यात आणखी एक घुसवायला जागाच नाही. मग वेळापत्रकात जुनी गाडी काढायची आणि त्याच वेळेला नवी टाकायची, एवढंच हातात उरतं. बातमीत 'नवी लोकल दाखल' असं येतं आणि फलाटावर फेऱ्यांची संख्या तीच राहते.

जादा फेरी हवी असेल तर जादा रूळ हवा, नाहीतर सिग्नल यंत्रणा अशी हवी की दोन गाड्यांमधलं अंतर कमी करता येईल. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. चौदा वर्षं लागली. पण ती झाल्याबरोबर लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून वेगळ्या झाल्या आणि मध्य रेल्वेवर 36 नव्या फेऱ्या सुरू करता आल्या. जादा फेऱ्या मिळतात त्या अशा. ठाणे-दिवाप्रमाणेच एमयूटीपी-2 मधली कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका अजून पूर्ण नाही. कळवा-ऐरोली जोडमार्गाचं दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये उघडलं, पण तो मार्ग झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडला आहे. तो झाला तर कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्यात उतरून गाडी बदलावी लागणार नाही, आणि ठाण्याचे फलाट केवढे मोकळे होतील! अशा कामांना गाडीच्या उद्घाटनासारखे फोटो मिळत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

विजेचंही असंच होतं. मुंबईची लोकल 1925 पासून 1500 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेवर चालत होती. त्या विजेवर लांब आणि जास्त गाड्या चालवणं अवघड होत गेलं. 25 हजार व्होल्ट एसी विजेवर (इथे एसी म्हणजे वातानुकूलन नाही, दिशा बदलत वाहणारी वीज) जाण्याचं काम पश्चिम रेल्वेवर 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 मध्ये आणि हार्बरवर 2016 मध्ये संपलं. तोपर्यंत आलेल्या गाड्या दोन्ही विजेवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या, आणि जुन्या डीसी गाड्या बाद होत गेल्या. नव्या गाड्यांमधला मोठा वाटा त्यांची जागा भरण्यातच गेला. याशिवाय रात्री गाडी उभी करायला जागा लागते, देखभालीला कारशेडमध्ये मार्गिका लागते, मोटरमन आणि गार्ड लागतात. मोटरमन तयार व्हायला वेळ लागतो, ती भरती गाड्यांची ऑर्डर देतानाच सुरू व्हायला हवी.

फलाटावर काय होतं तेही सांगते. डोंबिवलीला सकाळी एसी लोकल येते, दारं उघडतात, आत उभं राहायला जागा नसते तरी लोक शिरतात. दारं बंद व्हायला लागतात, मधे कुणाची पाठीवरची बॅग अडकते, दार परत उघडतं. दारं बंद झाल्याशिवाय ही गाडी सुटत नाही. आतून ओरडा, बाहेरून ढकलाढकली, आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान दारात उभ्या असलेल्याला खाली उतरायला सांगतोय, तो उतरायला तयार नाही, कारण त्याला कामावर लेटमार्क लागणार असतो. यात एखाद-दोन मिनिटं जातात आणि मागच्या गाड्या रांगेत थांबतात. लेडीज डब्यात तर दाराशी उभी असलेली बाई आत सरकू शकत नाही आणि बाहेरची मागे हटत नाही. दारं हवीतच, यात मला शंका नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन भरलेल्या गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली आणि जिवानिशी गेली. करोनाची वर्षं सोडली तर या मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्या अपघातानंतर रेल्वेने साध्या गाड्यांनाही स्वयंचलित दारं बसवायचं जाहीर केलं: दारांना हवेसाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रं, एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. हे सगळं चांगलं आहे. फक्त गर्दी तेवढीच राहिली तर दारं लागायला वेळ जाईल, फेऱ्या कमी होतील आणि फलाटावरची गर्दी आणखी वाढेल.

म्हणून मला सगळ्यांत घाईचं वाटतं ते 15 डब्यांच्या गाड्यांचं काम. तीन डबे वाढले की त्याच रुळावर, त्याच वेळेत, त्याच मोटरमनसह एका फेरीची क्षमता पाव पट वाढते. पश्चिम रेल्वेने 2009 मध्ये सुरुवात केली आणि 2021 मध्ये अंधेरी-विरार धीम्या मार्गावरही 15 डबे आणले. मध्य रेल्वेवर पहिली 15 डब्यांची गाडी 2012 मध्ये आली, पण अजूनही अशा फेऱ्या मोजक्याच आहेत. कारण फलाट. प्रत्येक स्थानकात साठ-पासष्ट मीटर फलाट वाढवायचा तर कुठे पादचारी पूल आड येतो, कुठे सिग्नल, कुठे रुळांचा सांधा. काम किचकट आहे, पण त्यासाठी नवीन जमीन फारशी लागत नाही, आणि दोन सरकारांनी गाडीच्या प्रकारावरून भांडायचंही काही कारण नाही.

पुढच्या वेळी नव्या लोकलची घोषणा ऐकाल तेव्हा तुमच्या भागातल्या प्रवासी संघटनेमार्फत किंवा माहिती अधिकारात दोन गोष्टी जरूर विचारा. या गाड्या जुन्या गाड्यांच्या बदली आहेत की जादा? आणि जादा असतील तर सकाळी सात ते दहाच्या मधल्या कुठल्या वेळांना त्या धावणार? नवं वेळापत्रक छापलं जायच्या आधी विचारा, कारण ते एकदा लागू झालं की पुढच्या वेळापत्रकापर्यंत थांबावं लागतं. आमच्या संघटनेला अशा पत्रांना उत्तरं मिळाली आहेत, उशिरा का होईना, आणि एका वेळापत्रकात धीम्या लोकलच्या वेळा बदलूनही मिळाल्या आहेत.