जुन्या स्पेक्ट्रोमीटरच्या विभागातून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. विभागातले स्पेक्ट्रोमीटर जुने, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, आणि अर्धा पेपर तुम्हीच एकमेकांना शिकवायचा, म्हणून तू खचला आहेस. शेवटची तक्रार वाचून मला कलकत्ता विद्यापीठ आठवलं.

तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांवर कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी तिथलं सायन्स कॉलेज उभं केलं. १९१४ मध्ये पायाभरणी झाली, १९१६ मध्ये पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. शिकवायला घेतलेल्यांत मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस होते. दोघे विशीतले आणि दोघांची एम.एस्सी. मिश्र (म्हणजे उपयोजित) गणितातली! जे शिकवायचं ते आधी स्वतःच शिकायचं होतं. नवं भौतिकशास्त्र जर्मनमध्ये होतं. शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ब्रुल यांच्याकडून पुस्तकं मागून आणून त्यांनी ते वाचलं. १९२० मध्ये आइनस्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरच्या लेखांचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर विद्यापीठानेच छापलं.

रामन १९१७ मध्ये अर्थखात्यातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून तिथे पालितांच्या नावाच्या पदावर प्राध्यापक झाले. (२८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध मात्र बहुबाजारच्या इंडियन असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेतला. हे दोन पत्ते लोक नेहमी एक करतात.) रामनचं नाव सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तुला साहांबद्दलच जास्त सांगतो.

साहांच्या वाट्याला थर्मोडायनॅमिक्स (उष्णतेचं शास्त्र) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (वर्णपटांचं शास्त्र) हे विषय आले. एकाच माणसाला दोन्ही शिकवावे लागले, आणि १९२० चं आयनीभवनाचं, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं, समीकरण नेमकं या दोन विषयांच्या सांध्यावर उभं आहे. माझ्या मते हा योगायोग नव्हे. सूर्याच्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) रुबिडियम या धातूच्या रेषा तेव्हा का दिसत नव्हत्या? तापमानामुळे त्याचे अणू आयनीभूत झालेले असतात. मग तुलनेने थंड सौर डागांत त्या सापडायला हव्यात, असं साहांनी मांडलं, आणि पुढे त्या तिथे सापडल्या. बोसही नंतर ढाक्याला तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचा प्लांकचा नियम शिकवताना त्याच्या सिद्धतेवर अडले, त्यातूनच बोस-आइनस्टाइन सांख्यिकीचा पाया घालणारा १९२४ चा निबंध आला.

तेव्हा तुझ्या वाट्याचा तास सोडू नकोस. पहिल्या तासाला साहांचंच समीकरण घे. तापमान तेच ठेवून दाब कमी केला की आयनीभवन का वाढतं, हे फळ्यावर मांड. कुठे अडलास ते मला रविवारी फोनवर सांग.

तुझा,
काका