ऑनलाइन विकायला ठेवलेले फोटो कोणी उतरवून छापू नये, यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की भंडाऱ्याकडच्या एका गावातून पक्ष्यांचे, धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, फोटो स्वतःच्या वेबसाइटवर विकता. राइट क्लिक बंद केलंय, तरी लोक फोटो उतरवून छापतात. छापताच येणार नाही असं एखादं सॉफ्टवेअर आहे का, हा तुमचा प्रश्न.

नाही. असं काही विकायला कोणी आलं तर पैसे देऊ नका. फोटो पडद्यावर दिसतो तेव्हा तो समोरच्याच्या मोबाइलमध्ये आधीच पोचलेला असतो. राइट क्लिक बंद करणं म्हणजे कुंपण नसलेल्या वाडीला फाटक लावणं. स्क्रीनशॉट आहे, तो अडवलाच तर दुसऱ्या मोबाइलनं पडद्याचा फोटो काढता येतो. पीडीएफवर ‘छपाई बंद’ असा पासवर्ड टाकतात, पण ती अट न जुमानणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

माझा गोंदिया जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर चालतं, पक्ष्यांचे फोटो हौस म्हणून सुरू केले आणि मग ऑनलाइन विकायला लागलो. एका पावसाळ्यात बोडीजवळच्या, म्हणजे लहान तळ्याजवळच्या, बांधीत सारसांची जोडी नाचताना सापडली. फोटो खरंच चांगला आला होता. वेबसाइटवर टाकला तो लांब बाजूला २४०० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके), उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव. पुढच्या लग्नसराईत मित्राचा फोन, “अबे, तुहा सारस मांडवाच्या गेटवर लागला न!” जाऊन पाहतो तर सहा फुटांचा फ्लेक्स, वधूवरांच्या नावांच्या मधोमध माझी जोडी. पत्रिकेवरही तीच. माझ्या नावाच्या जागी गणपती बसवला होता, अगदी मापात. आमंत्रण नव्हतं, पण जेवून आलो.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “आमाले काय माईत भाऊ, नवरदेवाच्या भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आमी छापला.” आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे दिवसाला वीस फोटो येतात, कोण विचारतं कुठून आणला म्हणून.

मग घरी बसून हिशोब केला. हा हिशोब मी आधी करायला हवा होता, आणि तुम्हाला माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. पाच बाय सातची पत्रिका म्हणजे १५०० बाय २१००. म्हणजे माझ्या २४०० च्या फोटोतून पत्रिका आरामात निघाली. सहा फूट म्हणजे ७२ इंच, तिथे इंचाला ३३ पिक्सेल पडले. फ्लेक्स रस्त्यावरून बघायचा असतो, त्याला तेवढ्यात भागतं. म्हणजे छापण्याजोगा माल मीच चव्हाट्यावर मांडून ठेवला होता. आता वेबसाइटवर ८०० च्या वर काही ठेवत नाही. ३०० च्या हिशोबानं त्यातून पावणेतीन इंचही नीट निघत नाही, आणि सहा फुटांवर ताणला तर इंचाला ११ पिक्सेल, सारसाच्या मानेच्या पायऱ्या दिसतात. एआयनं फोटो मोठा करणारे आता आहेत, हे खरं. पण त्यातून निघालेली पिसं प्लॅस्टिकची वाटतात. पत्रिकेवाल्याला ते चालेलही, भिंतीवर लावायला पैसे मोजणाऱ्याला चालत नाही, आणि माझं गिऱ्हाईक तो आहे.

वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर उमटवलेलं आपलं नाव, कोपऱ्यात टाकू नका, गणपतीला जागा होते. पक्ष्याच्या अंगावरून, पिसांच्या बारीक कामावरून जाऊ द्या, फिकट पण रुंद. तोही पुसणारी साधनं आहेत, पण साध्या आकाशावरचा पुसणं आणि पंखांवरचा पुसणं यात फरक पडतो. सगळ्या फोटोवर जाळी मारू नका मात्र. तसा फोटो कोणी विकतही घेत नाही.

पैसे आल्यावरही अख्खी फाइल देऊ नका. माझा कॅमेरा ६००० बाय ४००० चा आहे. गिऱ्हाइकाला आठ बाय बाराची फ्रेम करायची असेल तर मी ३६०० बाय २४०० देतो, तेवढंच त्याला लागतं. फाइल उतरवायची लिंक दोन दिवसांत बंद होते. प्रत्येकाच्या फाइलमध्ये, म्हणजे तिच्या मेटाडेटात (फाइलच्या आत साठवलेली, फोटोवर न दिसणारी माहिती), माझं नाव, बिल नंबर आणि ‘घरगुती एका प्रिंटसाठी’ असं लिहितो. शिवाय कडेनं काही पिक्सेल वेगवेगळे कापतो आणि वहीत टिपून ठेवतो, म्हणजे फुटली तर कुणाची प्रत फुटली ते कळतं. पुन्हा कापली तर हा पुरावा जातो, तेवढं गृहीत धरा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आत लिहिलेलं सगळं निघून जातं, हेही लक्षात असू द्या.

आत लिहिण्यावरून एक आठवलं. जीपीएसची नोंद, म्हणजे फोटो नेमका कुठे काढला ते, आधी काढून टाका. पावसाळ्यात सारस धानाच्या बांधीतही घरटं करतो. आपल्या फोटोतून त्याचा पत्ता बाहेर जाणं हे फोटो चोरीला जाण्यापेक्षा वाईट.

कायद्याचं विचारलं नाही तुम्ही, पण सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटो काढला त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हयातभर आणि त्यापुढे ६० वर्षं राहतो. चोराला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. फोटोतलं मालकाचं नाव मुद्दाम काढणं हासुद्धा त्या दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हा आहे. दिवाणी दावा आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. एखाद्या साइटवर तुमचा फोटो दिसला तर लेखी तक्रार करा, त्यांनी ३६ तासांत तो थांबवायचा असतो. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत खुला करू शकतात. पुरावा म्हणून कॅमेऱ्यातली रॉ फाइल (कॅमेऱ्यानं साठवलेली मूळ, कच्ची फाइल) आणि आधीचे-नंतरचे चार फोटो जपून ठेवा. चोराकडे एकच असतो, तुमच्याकडे अख्खी रांग असते. आणि लग्नं करत असाल तर सावध, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, तसा वेगळा करार नसेल तर, तो सांगणारा असतो, आपण नाही.

मी मात्र कोर्टात गेलो नाही. नवरदेव माझ्या मावशीच्या गावचा निघाला, अशा गावात दावा लावून पुढची लग्नं कोण देणार? मी तालुक्यातल्या तिन्ही फ्लेक्सवाल्यांकडे जाऊन दर सांगून आलो: एका कार्यक्रमाला एक फोटो, दोनशे रुपये, फाइल मी देतो, फ्लेक्सच्या मापाची. दोघं हसले. तिसरा हंगामात आठ-दहा फोटो घेतो, कारण गुगलवरून उतरवलेला फाटका दिसला की गिऱ्हाईक त्याच्याशी भांडतं. नागपूरच्या रिसॉर्टवाल्यानं चोरला असता तर मी असा गोड बोललो नसतो, नोटीसच गेली असती.

तुम्ही सगळ्यात आधी वेबसाइटवरच्या जुन्या मोठ्या फाइल काढा. पानावरून फोटो हटवला तरी सर्व्हरवर फाइल पडून असते आणि जुनी लिंक चालूच राहते. माझी तशीच वर्षभर राहिली. तो २४०० चा सारस अजून फिरतोय, तुळशीचं लग्न झालं की दरवर्षी एखाद्या पत्रिकेवर उतरतोच.