वाचकांचे प्रश्न : जिनिंगमधले बारा महिने

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका माध्यमिक शाळेत नववीला शिकवते. दरवर्षी आम्ही मुलांना ‘मला कोण व्हायचे आहे’ हा प्रकल्प देतो आणि दरवर्षी तेच येते : डॉक्टर, कलेक्टर, पोलीस, सैनिक यांची झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली रंगीत चित्रे, खाली चार ओळी आणि भोवती स्केचपेनची महिरप. पालक बहुतेक कास्तकार किंवा शेतमजूर आहेत. गावात किराणा, पिठाची गिरणी आणि बसथांबा यापलीकडे काही नाही. निरनिराळे व्यवसाय दाखवायचे तर मुलांना नागपूरला न्यावे लागेल आणि तेवढा पैसा शाळेकडे नाही. काय करता येईल?

उत्तर : महिरपीचा उल्लेख वाचून मला माझी नोकरीतली वर्षे आठवली. असल्या तक्त्यांना दहापैकी आठ-नऊ गुण मीही देत आलो आणि ‘हे तू कोणाला विचारून लिहिलेस?’ असे एकाही मुलाला कधी विचारले नाही. तेव्हा हे उत्तर थोडे उशिरा सुचलेले आहे, असे समजून वाचावे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकल्पाचा विषयच बदला. ‘मला कोण व्हायचे आहे’ याचे खरे उत्तर चौदा वर्षांच्या मुलाजवळ नसते, म्हणून तो दुकानातून विकत आणतो. त्याऐवजी ‘हे काम कोण करते आणि ती व्यक्ती या कामापर्यंत कशी पोचली’ असे विचारा. मग नागपूरला जाण्याची निकड उरत नाही, कारण आपल्या गावातून दरवर्षी कापूस बाहेर जातो आणि मुलांना त्याच्या मागोमाग पाठवता येते.

वावरातला वेचा घरी आला, गाडीत भरला, बाजार समितीत किंवा थेट जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी (बी) वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, गेला, इथपर्यंत मुलांना सगळे पाठ असते. फाटकाच्या आत काय होते, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. आधी वर्गात एक गणित करून घ्या. एक क्विंटल कापसातून ढोबळमानाने 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी. आणि रुईची एक गठाण, म्हणजे दाबून बांधलेला गठ्ठा, 170 किलोची असते. म्हणजे एका गठाणीसाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. आपल्या घरच्या कापसाच्या किती गठाणी झाल्या असतील, हे मुलांनी स्वतः काढले की पुढच्या प्रश्नांना धार येते.

त्यानंतर एका वेळी पाच-सहा मुलांचा गट घेऊन जवळच्या जिनिंगमध्ये जा आणि प्रत्येक मुलाला एकच माणूस नेमून द्या. ‘करिअर’ या शब्दाखाली मुले विशेषणे गोळा करतात, माणसापुढे बसवले की तपशील गोळा करतात. ग्रेडरजवळ, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्या माणसाजवळ, बसलेली मुलगी पाहील की तो ढिगात खोलवर हात घालतो, मूठभर कापूस काढतो, त्यातला पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पुन्हा पुन्हा ओढतो आणि तंतू सरळ झाले की त्यांची लांबी नजरेने तोलतो. मग ओलावा मोजायचे यंत्र लावतो. सरकारी खरेदीत भारतीय कपास निगम आठ टक्के ओलावा प्रमाण धरते, त्याहून अधिक असल्यास भाव कापते आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेत नाही. ज्या मुलीच्या वडिलांचा कापूस कधी परत आलेला आहे, ती हे ज्या कानांनी ऐकेल ते कान पाठ्यपुस्तकाला मिळत नाहीत. दुसऱ्या मुलाला फिटर द्या. रुई काढणाऱ्या जिन यंत्राचे रोलर झिजले की रुई नीट सुटत नाही, ते वेळोवेळी पाहावे लागतात, आणि हा फिटर बहुधा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला असतो. वजनकाट्यावरचा माणूस, हिशेबनीस, गठाणी बांधणाऱ्या प्रेसवरचा कामगार, सरकी नेणारा तेलगिरणीचा खरेदीदार, मुकादम अशी माणसे आवारातच भेटतील. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे, ही माहितीही मुलांना द्या. रुई काढण्याचेही शास्त्र असते आणि ते शिकवले जाते, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

प्रश्नावली छापील देऊ नका. दोनच प्रश्न सर्वांना सक्तीचे करा. ‘आज सकाळपासून तुम्ही काय काय केले?’ हा पहिला. दुसरा, ‘हंगाम संपल्यावर एप्रिलपासून तुम्ही काय करता?’ या दुसऱ्या प्रश्नावर मी अडून बसेन. जिनिंग हा मुख्यतः दिवाळीनंतरच्या काही महिन्यांचा धंदा आहे. कोणी उन्हाळ्यात गावी परत जातो, कोणी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी वर्षभर कामावर राहतो, कोणी दुसऱ्या मोसमी कामाला लागतो. कोणाला बारमाही पगार आहे आणि कोणाला नाही, आणि त्या दोघांच्या शिक्षणात नेमका कोठे फरक पडला, हे मुलांनी स्वतः वहीत उतरवले तर व्यवसाय मार्गदर्शनाचे निम्मे काम तिथेच झाले.

सुरक्षिततेबाबत सवलत नको. मालकाची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलांना चालू यंत्रांजवळ आणि गठाणींच्या प्रेसजवळ जाऊ देऊ नका, ओढण्या बांधून ठेवायला सांगा आणि तोंडाला रुमाल असू द्या, कारण रुईची धूळ छातीत जाते. डिसेंबर-जानेवारीत काम जोरात असते, तेव्हा सकाळची वेळ आधी ठरवून घ्यावी.

मुख्याध्यापक ‘हे अभ्यासक्रमात कुठे बसते?’ असे विचारतीलच. त्यांना सांगा की 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवण्याची सूचना आहे. आपली मुले नववीची आहेत, हे खरे. पण हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना 1937 साली आपल्याच वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली होती, तेव्हा तिला एखादी इयत्ता इकडेतिकडे चालावी.

गुण मात्र वहीला द्या, तक्त्याला नको.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. त्याने जनावरांचा डॉक्टर व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तो तीन दिवस पशुधन पर्यवेक्षकांसोबत गावोगाव फिरला. एका रात्री म्हशीचे अडलेले वेत त्याने पाहिले आणि आता हे काम करणार नाही म्हणतो. त्याने वहीत लसीकरणाची दोन पाने लिहिली आहेत, लस थंड कशी ठेवतात, नोंदवहीत काय भरतात वगैरे. आणि म्हशीबद्दल एकच ओळ. प्रकल्प वाया गेला काय? — एक शेतकरी, वाशीम जिल्हा

उत्तर : आधी हिशेब पाहू. पशुवैद्यकाची पदवी बारावीला जीवशास्त्र घेऊन, ‘नीट’ परीक्षा देऊन मिळते आणि आंतरवासिता धरून साडेपाच वर्षे घेते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळण्याऐवजी हे तीन दिवसांत कळले असेल तर घरचे नुकसान टळले. अर्थात, एका रात्रीच्या म्हशीवरून कायमचा निकाल लावू नये, हेही तितकेच खरे. आणखी एकदा, दिवसा, साध्या तपासणीला त्याला जाऊ द्या.

पण त्याने वहीत लिहिलेली ती दोन पाने आपण स्वतः पुन्हा वाचावीत, अशी माझी विनंती आहे. लस शीतपेटीतून बाहेर किती वेळ राहिली आणि नोंद कोणी केली, याकडे ज्याचे लक्ष गेले, त्याला औषधांची साठवण, दूध संकलन केंद्रातील तपासणी किंवा प्रयोगशाळेचे काम कसे वाटते, ते विचारून पाहा. गावातल्या दूध केंद्रावर दुधातले फॅटचे प्रमाण काढतात त्या वेळी त्याला एक दिवस उभा करा. संध्याकाळी आपण काही विचारू नये. वही तो आपण होऊन दाखवतो का, तेवढे पाहावे.